मोजदाद

जेलरोडला, मेडिकलच्या वरच्या मजल्यावर
आठ चटया, एक आरसा, आणि खिडकीत
कुणीतरी विसरून गेलेली पाण्याची बाटली.
आधी इथे टायपिंगचा क्लास होता.
भिंतीत अजून चार खिळे आहेत, त्यांवर काही नाही.

डॉक्टर म्हणाले, पिलाटीस करा.
मला वाटलं गोळ्यांचं नाव.
चिठ्ठी घेऊन खालीच उभी राहिले काउंटरपाशी,
मेडिकलवाल्याने हसू दाबून
जिन्याकडे बोट दाखवलं.

शिकवणारी तन्वी आहिरे, सटाण्याची,
माझ्या सुनेहून लहान. म्हणते,
"मावशी, बेंबी पाठीकडे न्या."
म्हटलं, बाई,
एकतीस वर्षं मी पाठच बेंबीकडे नेलीय.

खरंच नेली.
नोटांच्या प्रेसमध्ये, तपासणीला,
ट्यूबलाइटखाली वाकून
शाई फुटलेली, आकडा सरकलेला,
कडेला केसाएवढी रेघ.
खोट काढायची, लाल पेन्सिल मारायची, बाजूला ठेवायचं.
घरी आले तरी पेन्सिल हातातच असते, हे म्हणायचे.
मग मोजणी. शंभराची गड्डी.
अंगठा झिजून असा गुळगुळीत झाला
की आधारच्या मशीनला मी पटतच नाही.

इथे उड्या नाहीत, वजनं नाहीत, आरडाओरडा नाही.
पाय उचलायचा तो इतका हळू
की पायालाच शंका यावी.
शेजारी शरणपूरच्या रणनवरे मॅडम
गुडघ्याला विचारून मग गुडघा वळवतात.
पलीकडे पिंपळगावचे विधाते,
द्राक्षाच्या मांडवाखाली वर बघून बघून
मान आखडलेली.
"एकेक मणका ठेवा खाली," तन्वी सांगते.
"घड उतरवल्यासारखा?" विधाते विचारतात.
"तसाच, काका. मण्यावरची लव न पुसता."

आणि मग तो एक प्रकार, हंड्रेड नावाचा.
पाठीवर पडून, डोकं जरासं वर,
हात जमिनीपासून वीतभर,
पाण्यावर थापट्या माराव्यात तसे.
पाचात श्वास आत, पाचात बाहेर.
असं दहा वेळा. शंभर.

शंभर म्हटलं आणि माझा अंगठा हलला.
पोटाआधी त्याला कळलं.

पहिल्या आठवड्यात तिसावर मान पडली.
दिवाळीपर्यंत साठ.
डिसेंबरात चटई बर्फासारखी, तरी ऐंशी.

काल
त्र्याहत्तर, चौऱ्याहत्तर,
खाली कुणीतरी शटर वर केलं,
बेकरीतून गरम टोस्टचा वास आला
आणि माझी मोजणी हरवली.

प्रेसमध्ये मोजणी हरवली की
गेट बंद. एक कागद कमी, तर सगळा हॉल उभा.
एकदा रात्री साडेनऊ वाजले.
घरी पोर आठ महिन्यांचं,
मला पान्हा फुटलेला, ब्लाउज भिजलेला,
आणि वर्टीबाई पुन्हा पहिल्यापासून मोजतायत.
कागद सापडला. दुसऱ्या कागदाला चिकटला होता,
एवढंच.
कुणी कुणाला काही बोललं नाही.

मी पडून होते डोळे मिटून,
आता कुणीतरी गेट लावेल म्हणून.
हात चालूच होते.
आत, बाहेर.
नव्वद झाले असतील. एकशे दहाही.

"मावशी, थांबा, केव्हाच झालं!"
मी लगेच थांबले नाही. मग थांबले.

जिना उतरताना कठड्याला हात नव्हता,
हे खाली आल्यावर लक्षात आलं.
बामची डबी घेतली, सवयीनं.
मेडिकलवाल्याने सुटे दिले, सगळ्या दहाच्या,
त्या तशाच पर्समध्ये कोंबल्या,
न मोजता.

रिक्षात बसल्यावर मोजल्या.
एक जास्त होती.
उद्या देईन. उद्या जायचंच आहे.